सुया टोचण्याआधी फोन लावणाऱ्या अॅक्युपंक्चरच्या डॉक्टर ताईंना

आदरणीय डॉक्टर ताई,
स. न. वि. वि.

तुमचे आभार समोर बसूनच मानायचे होते. पण तेव्हा तोंड उघडत नव्हतं, आणि उघडायला लागल्यावर थेट हळदीच्या सौद्यात जाऊन उभा राहिलो. म्हणून हे पत्र.

आमचा धंदा तोंडावर चालतो. ऐन हंगामात अडत्याचा जबडा आखडला तर मार्केट यार्डात काय करायचं? खालची अक्कलदाढ आडवी रुतलेली, थोडं हाड कोरून, तुकडे करून काढावी लागली. ते काम उत्तम झालं. पण मला पोटाचा जुना अल्सर, त्यामुळे लोक सर्रास घेतात त्या दुखण्याच्या गोळ्या वर्ज्य. पॅरासिटामॉलवर दिवस निघायचा, रात्र काही निघायची नाही. भडंगाचा डबा बायकोनं माळ्यावर टाकला, तो छळ वेगळाच.

शेजारच्या काकूंनी तुमच्याकडे धाडलं. वाटलं, सुया टोचतील आणि मोकळं करतील. तुम्ही तर सुयांचं पाकीटही उघडलं नाहीत. दुखणं उतरतंय की चढतंय? कळ कानापर्यंत जाते का? तोंडाला वास येतो का, ताप आहे का? एवढं विचारून, दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावलात. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं असेल तर आधी त्यावर इलाज हवा, सुयांनी दुखणं झाकून चालणार नाही, असं म्हणून मला विश्रामबागेतल्या तुमच्या दवाखान्यातून परत त्यांच्याकडे पाठवलंत. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला काय लागतं, ते व्यापाऱ्याला विचारा!

गुठळी जागेवर होती. आखडले होते ते जबड्याचे स्नायू. मग तुमच्या टेबलावर आडवा झालो. सुजलेल्या गालाला तुम्ही हात लावला नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात केसासारखी बारीक सुई घातलीत, चिमटीत धरून हलकेच फिरवलीत, आणि हात कोपरापर्यंत जड झाला. 'हेच हवं होतं,' म्हणालात. दाढ तोंडात आणि सुई हातात, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. तुम्ही मेंदूतून पाझरणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांबद्दल सांगितलंत. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं.

बरं वाटलं ते तुमच्या मोजक्या बोलण्यानं. अमेरिकेत १९९९ साली दाढ काढलेल्या ३९ जणांवर झालेल्या प्रयोगाचं तुम्ही सांगितलंत. खऱ्या सुया टोचलेल्यांचं दुखणं सुरू व्हायला सरासरी १७३ मिनिटं लागली, नुसता सुयांचा आभास दिलेल्यांचं ९४ मिनिटांत सुरू झालं. म्हणजे सुमारे सव्वा तासाचा फरक. दुसरं कुणी 'दुखणं मुळापासून घालवतो' म्हणालं असतं. तुम्ही सव्वा तास म्हणालात, वर पॅरासिटामॉल सोडायची नाही अशी ताकीद दिलीत. माझं म्हणाल तर उठताना दुखणं होतंच, पण दातांमध्ये एक बोट जेमतेम शिरत होतं तिथं दोन शिरली. त्या रात्री झोप लागली. सुयांनी की तुमच्या धीरानं, कुणास ठाऊक.

भिंतीवरच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या फोटोबद्दल विचारायचं होतं, तेव्हा नुसतं बोट दाखवलं. त्यांच्याबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बसू पुढे ही विद्या शिकले आणि १९५९ साली भारतात घेऊन आले, हे तुमच्याकडूनच कळलं. कोटणीस शाळेपासून माहीत होते, बसूंचं नावही ऐकलं नव्हतं.

आमच्या दुकानातले एक हमालमामा कंबर धरून बसलेत, त्यांना पुढच्या आठवड्यात पाठवतोय. रक्त पातळ करण्याची गोळी त्यांना चालू आहे. चिठ्ठी खिशात घालून देतो, तुम्ही पहिल्यांदा तेच विचारणार. सोबत यंदाची राजापुरी हळद पाठवतो आहे, तिचे पैसे देऊ करू नका.

आपला,
मार्केट यार्डातला एक अडत्या, सांगली