मेल लावून घ्या, पण पासवर्ड चिटोऱ्यावर लिहून देऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि आमच्या सांगली-मिरजेकडं बऱ्याच जणांनी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर बदलले. नवीन मशीन आली की आधी टॅली चालू करतात, मग प्रिंटर, आणि दुकानातला पोरगा निघायच्या वेळेला कोणीतरी म्हणतं "तेवढं मेल पण लावून द्या की". पोरगा काय करतो, कागदाचा चिटोरा पुढं सरकवतो आणि म्हणतो आयडी पासवर्ड लिहा. आणि लोक लिहितात! एटीएमचा पिन पोटच्या पोराला सांगणार नाहीत पण ज्या मेलवर बँकेची स्टेटमेंटं येतात, आयकर खात्याची पत्रं येतात, बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ज्याच्यावरनं रिसेट होतात त्या मेलचा पासवर्ड अनोळखी माणसाच्या खिशात जातो.

तुमच्या पुरवणीत मोबाईलच्या कॅमेऱ्यावर आणि एआयवर पानं भरून येतात, येऊ देत, वाचतो आम्ही. पण कॉम्प्युटरवर मेल कसा लावायचा हे मराठीत धड छापलेलं माझ्या तरी बघण्यात नाही. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी एक शंका काढून टाकतो, की ब्राउझरमध्ये मेल उघडतोय तर वेगळा प्रोग्राम हवा कशाला. घरात एकच जीमेल असेल तर नकोच, खरंच नको. पण छापखाना, सीए, वकील, छोटा कारखाना, हौसिंग सोसायटी यांच्याकडं दोन-तीन मेल असतात, एक स्वतःच्या डोमेनचा असतो (म्हणजे ॲटच्या पुढं जीमेलऐवजी स्वतःच्या धंद्याचं नाव), नेट कधीही जातं आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक म्हणतं मी तर प्रूफ ओके केलंच नव्हतं. मेल कॉम्प्युटरवर उतरलेले असतील तर नेट नसतानाही शोधून दाखवता येतात. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम फुकट आहे, २००४ पासून आहे, आणि गल्लीतल्या ऑफिसाला जेवढं लागतं तेवढं सगळं त्यात आहे. मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम आऊटलुक, त्याबद्दल पुढं लिहितो.

लावायचं म्हणजे काय, तर नाव टाका, मेल आयडी टाका, बाकीचं तो स्वतः शोधतो. जीमेल असेल तर गुगलचीच साइन-इनची खिडकी उघडते, पासवर्ड तिथं टाकायचा आणि मोबाईलवर विचारणा आली की तिथं होकार द्यायचा, की झालं. पासवर्ड थंडरबर्डकडं जातच नाही, त्याला गुगलकडनं फक्त परवानगी मिळते जी तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. म्हणजे ते दोन मिनिटं तुम्ही खुर्चीत बसायचं आणि पोराला उभं करायचं, चिटोऱ्याची गरजच उरत नाही.

तरीपण चिटोरा का मागतात, तर जुनी सवय. पूर्वी प्रोग्राममध्ये पासवर्ड टाकला की चालायचं. गुगलनं साध्या जीमेल खात्यांसाठी हे ३० मे २०२२ पासून बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल आणि आऊटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्यामुळं जुनं आऊटलुक २०१० वगैरे असेल तर पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही तो चूकच म्हणत राहतो, माणसं वैतागून पासवर्ड बदलतात, मग मोबाईलवरचा पण मेल बंद पडतो आणि घरात भांडणं. जीमेलसाठी त्यावर उपाय आहे, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि गुगलच्या खात्यात जाऊन ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड काढायचा, तो १६ अक्षरांचा असतो, तो त्या जुन्या प्रोग्राममध्ये टाकायचा. स्कॅन करून परस्पर मेल करणारी जी मोठी झेरॉक्स मशीनं असतात त्यांना पण हाच लागतो. फक्त मूळ पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतो, परत नवा काढावा लागतो, हे कोणी सांगत नाही.

आता खरा मुद्दा, जिथं लोकांचं नुकसान होतं. मेल लावताना प्रोग्राम विचारतो पॉप (POP) की आयमॅप (IMAP), ह्या मेल आणायच्या दोन पद्धती. बरेच जण जे आधी दिसतं ते दाबतात, आणि जुने दुकानदार पॉपच दाबतात.

पॉप हा डायलअपच्या काळात सोयीचा होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडं इंटरनेट सुरू केलं, ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवेल, मोडेमची किरकिर, टेलिफोनचं मीटर पळतंय, नुसती अक्षरं दिसणारं शेल अकाउंट ज्यांच्याकडं होतं ते काळ्या स्क्रीनवर पाईन नावाच्या प्रोग्राममध्ये मेल वाचायचे आणि ज्यांच्याकडं महागातलं कनेक्शन होतं ते युडोरा हा मेलचा प्रोग्राम वापरायचे. तेव्हा लाईन जोडायची, मेल खाली ओढून घ्यायचे, लाईन तोडायची आणि निवांत वाचायचं, सर्व्हरवर, म्हणजे मेलवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, जागा पण एवढीशीच असायची त्यामुळं उतरवला की तिथनं पुसला हेच बरोबर होतं. एका माणसाचा एकच कॉम्प्युटर. आता तोच मेल मोबाईलवर, ऑफिसात, घरच्या लॅपटॉपवर लागतो आणि पॉपला ह्यातलं काही कळत नाही. तुम्ही ऑफिसातनं पाठवलेलं उत्तर मोबाईलच्या सेंटमध्ये दिसत नाही, वाचलेला मेल दुसरीकडं न वाचलेलाच राहतो.

आणि त्यात एक खोच आहे. आऊटलुकमध्ये पॉप लावला की सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक असते, आपल्याला वाटतं चला बरं झालं, पण तिच्याच खाली १४ दिवसांनी काढून टाका अशी दुसरी टिक पण आधीच मारलेली असते. ओळखीच्या एका छापखान्याचं ह्यातच वाटोळं झालं. स्वतःच्या डोमेनचा मेल, दुकानदारानं पॉपवर लावून दिलेला, दोन वर्षं सगळं सुरळीत, आणि एक दिवस हार्ड डिस्क गेली. मालक म्हणाले मेल काय सर्व्हरवर असतीलच की. सर्व्हरवर शेवटच्या दोन आठवड्यांचे मेल होते. पत्रिकांची डिझाईनं, गिऱ्हाइकांचे ओके, कागदवाल्याची बिलं, सगळं त्या डिस्कबरोबर गेलं, आणि दुकानदाराचं म्हणणं काय तर तुम्ही बॅकअप सांगितला नव्हता.

म्हणून आयमॅप. ह्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि मोबाईल, लॅपटॉप, ऑफिसचा कॉम्प्युटर ही सगळी एकाच खात्याची पासबुकं, कुठंही उघडा, एन्ट्री तीच दिसणार. पण ह्याचा दुसरा अर्थ पण ध्यानात घ्या, आयमॅप म्हणजे बॅकअप नाही. कॉम्प्युटर हलका करायचा म्हणून तिथले जुने मेल उडवले तर ते मोबाईलवरनं पण उडतात, जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस असतात आणि मग कायमचे जातात. जे मेल ठेवायचेतच, कोर्टाचे, कराचे, जागेच्या व्यवहाराचे, ते थंडरबर्डमध्ये राइट क्लिक करून लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करायचे. कॉपी, मूव्ह नाही! मूव्ह केलं तर सर्व्हरवरनं जातील आणि आपण परत छापखान्याच्या जागी येऊन उभे.

स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर सेटिंग बरेचदा हातानं भरावं लागतं, तिथं माणसं घाबरतात पण घाबरण्यासारखं काही नाही. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, आणि एसएसएल, स्टार्टटीएलएस म्हणजे मेल आणि पासवर्ड वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून लावायचं कुलूप (एन्क्रिप्शन). येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ आणि एसएसएल, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, ॲटच्या पुढच्या भागासकट, अर्धा टाकला की बहुतेक ठिकाणी चालत नाही. मेल येतायत पण जात नाहीत अशी तक्रार असेल तर जवळपास नेहमी जाणाऱ्या सर्व्हरचं सेटिंग चुकलेलं असतं, एकतर तिथं पासवर्डचं ऑथेंटिकेशन बंद असतं नाहीतर कोणीतरी पोर्ट २५ टाकून ठेवलेला असतो, जो नेटवाले स्पॅममुळं बरेचदा अडवतात. ११० आणि १४३ हे पण जुने पोर्ट, त्यांच्यावर एन्क्रिप्शन आपणहून लावलं नाही तर पासवर्ड उघडा जातो, कोणी ते टाकत असेल तर हात धरा.

कधी कधी सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, जुळत नाही असा पिवळा इशारा येतो. दुकानातला पोरगा न वाचता एक्सेप्शन, म्हणजे तरीही चालू दे, दाबतो. बरेचदा कारण साधं असतं, स्वस्तातल्या होस्टिंगवर (म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) एकाच सर्व्हरवर शेकडो डोमेन असतात आणि सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या नावाचं असतं, तर सर्व्हरच्या जागी त्यांच्या सर्व्हरचं नाव टाकलं की इशारा जातो. पण कारण कळल्याशिवाय दाबू नये एवढंच माझं म्हणणं.

आऊटलुकचं सांगायचं राहिलं. विंडोजबरोबर जो मेल नावाचा साधा प्रोग्राम यायचा तो मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला आणि त्याच्या जागी नवं आऊटलुक दिलंय. नवं मशीन घेतलं की ते आयतं असतं. त्यात तुम्ही जीमेल किंवा स्वतःच्या डोमेनचा आयमॅप मेल लावला की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडमध्ये सिंक होतात, आणि साधा पासवर्डवाला मेल असेल तर तो पासवर्ड पण त्यांच्या सर्व्हरकडं जातो. तसं ते आधी एका छोट्या खिडकीत सांगतात, पण ती खिडकी वाचून कंटिन्यू दाबणारा माणूस मला अजून भेटायचाय. मला ते पटत नाही. कोणाला चालत असेल तर चालू दे, पण माहीत असून चालू दे. विकतच्या ऑफिसमधलं जुन्या पद्धतीचं आऊटलुक वेगळं, त्याचा मेलचा साठा तुमच्याच मशीनवर असतो, पॉप असेल तर पीएसटी फाईलमध्ये, आणि फॉरमॅट मारायच्या आधी ती फाईल बाजूला काढायला सांगणं ही तुमची जबाबदारी, कारण पोरगा विचारणार नाही.

सोसायट्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोसायटीचं एक जीमेल खातं असतं, ते उघडताना सेक्रेटरींनी स्वतःचा मोबाईल नंबर टाकलेला असतो. पाच वर्षांनी कमिटी बदलते, जुने सेक्रेटरी मुलाकडं पुण्याला राहायला जातात किंवा नव्या कमिटीशी बोलतच नाहीत, आणि उपनिबंधक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, बिल्डरला पाठवलेले मेल, लिफ्टवाल्याचं कोटेशन सगळं त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीच्या मागं अडकून बसतं. वर गुगलचा नियम असा की दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड लावून मेलची एक कॉपी लोकल फोल्डर्समध्ये ठेवली, आणि चार्ज देताना रिकव्हरी नंबर बदलायचा हे मिनिट बुकात लिहून ठेवलं, तर निम्मी भांडणं मिटतील. उरलेली निम्मी पार्किंगची, त्याला इलाज नाही.

काही जण म्हणतील मेल आता बघतं कोण, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. चालतं ना, पण रिटर्न भरल्यावर आयकर खात्याची इंटिमेशन मेलवरच येते, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं मेलवर, पोराच्या ॲडमिशनची पत्रं मेलवर. आणि तुम्ही स्वतः, संपादक महोदय, वाचकांची पत्रं मेलवरच मागवता.

दोन विनंत्या आहेत. एक, पुरवणीत एखादा चौकोन ह्या कामासाठी द्या, वर लिहिलेले पोर्ट नंबर आणि पॉप-आयमॅपचा फरक एवढं जरी छापलंत तरी लोक कात्रण काढून मॉनिटरला चिकटवतील. दुसरी विनंती तुमच्यामार्फत डोमेन आणि होस्टिंग विकणाऱ्यांना. बिल देता, त्याच बिलाच्या मागं सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि युजरनेम मराठीत छापून द्या, गिऱ्हाइकाला त्यासाठी परत तुमच्याकडं हेलपाटा नको आणि तुम्हाला फोनवर पोर्ट नंबर ओरडून सांगायला नको. पासवर्ड मात्र छापू नका, एका ठिकाणी मी तो पण छापलेला बघितलाय.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली

ता. क. थंडरबर्डचं सगळं सामान एका प्रोफाइल फोल्डरमध्ये असतं, विंडोजच्या ॲपडेटा (AppData) नावाच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला की नव्या मशीनवर सगळं जसंच्या तसं उभं करता येतं. कॉपी करताना प्रोग्राम बंद ठेवायचा. आणि त्या फोल्डरमध्ये साठवलेले पासवर्ड पण असतात, त्यामुळं तो पेन ड्राइव्ह दुकानात विसरू नका.