तळ्याकाठी भेटलेल्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. छोटा निळा टेंट, एकट्याच आलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या खिंडीत जायचा बेत, एवढ्यावरून तुमचं तुम्हाला कळेलच. समोरासमोर थँक्यू म्हटलं होतं पण ते घाईत, उतरायच्या गडबडीत, आणि मला ते पुरेसं वाटत नाही म्हणून हे लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही जे सांगितलंत ते उंचावरच्या तळ्याकाठी मुक्काम करणाऱ्या कुणालाही कामी येईल.

सगळ्यात आधी हे सांगते की त्या रात्री उंचीचा त्रास झालेली माझी बहीण आता एकदम ठणठणीत आहे, खाली आल्यावर संध्याकाळपर्यंत तिचं डोकं दुखायचं थांबलं, तिने स्वतःहून खायला मागितलं, त्यानंतर काही त्रास नाही.

आता पहिल्यापासून. दुपार कलल्यावर आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि बहीण, जंगलातून वर चढून तळ्यापाशी आलो आणि जागा शोधत काठाने फिरत होतो, तेव्हा तुम्ही झाडीतून हात केलात आणि म्हणालात, "जरा वर येऊन बघता का, मग ठरवा कुठे लावायचा ते." ही तुमची पद्धत मला पहिल्याच वाक्यात आवडली. इथे लावू नका, तिथे लावा असं नाही, येऊन बघा म्हणालात. आम्ही आलो. काठापासून साधारण ६०-७० मीटर वर, झाडांच्या मधे, थोडी उंचवट्याची सपाट जागा होती. मग तुम्ही कारणं सांगायला लागलात आणि मी अक्षरशः ऐकत उभी राहिले.

रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होते, थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत येते आणि सगळ्यात खोलगट जागी साचते, आणि अशा खोऱ्यातली सगळ्यात खोलगट जागा म्हणजे तळंच. त्यामुळे काठावर जो गारठा असतो तो थोडंसं वर गेलं की कमी होतो. शिवाय उघड्यावर जमिनीची ऊब रात्रभर सरळ आकाशाकडे निघून जाते, डोक्यावर झाडांच्या फांद्या असल्या की त्यातली बरीचशी अडते, म्हणून झाडाखालच्या टेंटवर दव पण कमी. तुमच्या बॅगेला छोटा थर्मामीटर लटकवलेला होता, तो रात्री तुम्ही माझ्या नवऱ्याला देऊन काठावर पाठवलंत आणि मग वर आणून परत बघायला लावलंत, तीनएक अंशांचा फरक! एवढ्याशा अंतरात! तो अजून सगळ्यांना सांगत सुटलाय.

आणि काठावर टेंट न लावण्याचं दुसरं कारण तुम्ही सांगितलंत ते मला जास्त लागलं. त्या उंचीवर बर्फ नसलेले महिने थोडेच, तेवढ्यात त्या गवताला उगवायचं, फुलायचं, बी धरायचं असतं, एकाच जागी चार टेंट लागून गेले की जमीन दबते आणि ते परत यायला कित्येक वर्षं जातात. जनावरं पण पाण्यावर येतात, आपण काठावर पसरलो की ती बिचकून येतच नाहीत. भांडी घासायची, तोंड धुवायचं ते पाणी भरून वर न्यायचं आणि तळ्यापासून लांब, जमिनीवर टाकायचं, साबण 'नैसर्गिक' असला तरी तळ्यात नाही, कारण तो मातीत जिरला तरच मोडतो, पाण्यात नाही. शौचाला पण पाण्यापासून तेवढंच लांब, १५-२० सेंटीमीटर खड्डा, आणि कागद परत बॅगेत. तुम्ही हे सगळं अगदी सहज बोलत होतात, मधेच टेंटचा खुंटा ठोकत.

मग म्हणालात, "आता मान वर करा." आम्हाला वाटलं काहीतरी पक्षी वगैरे. तर तुम्ही वाळलेली उभी झाडं दाखवत होतात. जंगलात टेंट लावताना आधी वर बघायचं, मेलेलं झाड किंवा अडकून लटकलेली फांदी डोक्यावर नको, वारा सुटला की तीच आधी पडते. आणि जंगल संपतं तिथली शेवटची झाडं, एका बाजूलाच फांद्या राहिलेली, ती बघून वारा नेहमी कुठून येतो ते कळतं, त्याप्रमाणे टेंटची निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार उलट्या बाजूला. मी इतकी वर्षं डोंगरातली ती वाकडी झाडं बघत आलेय, फोटो काढत आलेय, पण ती काही सांगत असतात हे मला तुमच्यामुळे कळलं.

संध्याकाळचं तळं मी कधीच विसरणार नाही. तो रंग! निळा म्हणावा तर हिरवा आणि हिरवा म्हणावा तर दुधाळ. तुम्ही सांगितलंत की वरची हिमनदी खडक घासत घासत सरकते, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश तिच्यावरून विखुरतो म्हणून हा रंग, आणि हे तळं ज्या वाटीत बसलंय ती वाटीसुद्धा बर्फानेच कोरलेली. कारण कळल्यावर तो रंग मला आणखी सुंदर दिसला, कमी नाही.

लांबून दुधाळ दिसणारं तेच पाणी ओंजळीत घेतल्यावर इतकं नितळ वाटत होतं की तसंच प्यावं, तर तुम्ही तिथेही समजावलंत की नितळ म्हणजे शुद्ध नाही, वर जनावरं चरतात, जिआर्डियासारखे जंतू थंड पाण्यात खूप दिवस टिकतात. उकळायचं, आणि २००० मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर ३ मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, आम्ही होतो तिथे म्हणजे ३२०० मीटरच्या आसपास ते नव्वद अंशांच्या जवळपासच उकळतं. आमच्याकडे फिल्टर पण होता, तो तुम्ही झोपताना स्लीपिंग बॅगमधे घ्यायला सांगितलात, आतलं पाणी गोठलं की त्यातल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, फिल्टर चालतोय असंच वाटत राहतं. ही गोष्ट मी त्यानंतर ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हती.

आता रात्रीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

बहिणीचं डोकं जेवायच्या वेळेपासून दुखत होतं आणि रात्री दहाच्या सुमाराला तिला मळमळायला लागलं, तेव्हा मी तुमच्या टेंटपाशी येऊन हाक मारली. तुम्ही झोपला होतात. एका मिनिटात हेडटॉर्च लावून बाहेर आलात, आणि मला काही विचारायच्या आधी तिच्याशी बोललात, थेट तिच्याशी. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावरून बाकीचे बोलत राहिले की तो आणखी घाबरतो, तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. डोकं किती दुखतंय, पोटाचं काय, थकवा किती, चक्कर येतेय का, प्रत्येकाला शून्य ते तीन आकडा दे म्हणालात, आणि ती चक्क आकडे द्यायला लागली आणि त्यानेच थोडी शांत झाली. नंतर घरी येऊन मी वाचलं की याला लेक लुईस स्कोर म्हणतात, कॅनडातल्या लेक लुईसला १९९१ साली डॉक्टर आणि संशोधक जमले होते तिथे हा ठरला आणि २०१८ साली त्यात सुधारणा झाली. डोकेदुखी आहे आणि एकूण तीन किंवा जास्त, म्हणजे उंचीचा त्रास धरायचा, आणि तोही वर आल्या आल्या नाही तर सहा तास उलटल्यावर मोजायचा, कारण आधीची डोकेदुखी चढाईच्या दमणुकीची किंवा कमी पाणी प्यायल्याचीही असू शकते. तिचे पाच झाले होते.

मग तुम्ही तिला हात धरून बाहेर आणलंत आणि टॉर्चच्या उजेडात टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला लावलंत. ती नीट चालली. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे वळून म्हणालात की हे चांगलं आहे, तोल जात असता किंवा बोलणं गोंधळलेलं असतं किंवा बसल्या जागी धाप लागली असती तर आत्ताच्या आत्ता, अंधारात, उतरायला निघालो असतो, कारण ती मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची लक्षणं आणि त्यात सकाळची वाट बघायची नसते. आत्ता मात्र अंधारात त्या दगडांवरून उतरण्यात धोका जास्त, म्हणून थांबायचं, पण दर दोन तासांनी बघायचं. झोपेची गोळी अजिबात नाही, तिने श्वास आणखी मंदावतो. तीन हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्केच असतो, शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, यात धडधाकट माणूस आणि अशक्त माणूस असा फरक नाही, कुणालाही होऊ शकतं. हे शेवटचं तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात. तिला ते ऐकायची फार गरज होती ताई, ती मला नंतर म्हणाली, तिला सारखं वाटत होतं की आपल्यामुळे सगळ्यांचा विचका होतोय.

आणि ती कुडकुडत होती म्हणून तुम्ही तुमच्या अंगाखालची फोमची मॅट काढून आणलीत. मी नको नको म्हणत होते तर म्हणालात माझ्याकडे हवेची आहे वर, आणि थंडी वरून नाही जमिनीतून येते, स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग दबून चपटा होतो, त्यात हवा उरत नाही म्हणून ऊब धरत नाही, ते काम मॅटचं. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, पायाशी दिलीत. स्टोव्ह बाहेरच पेटवलात, एवढ्या थंडीत मी म्हटलं आत घेऊया तर ठाम नाही म्हणालात, बंद जागेत स्टोव्हमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. आणि टेंटची वरची खिडकी उघडी ठेवायला लावलीत, नाहीतर तिघांच्या श्वासाची वाफ आतून कापडावर जमून अंगावर टपकते आणि मग सगळंच ओलं.

त्या रात्री तुम्ही दर दोन तासांनी आलात. मी जागी होते, मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं, पण तुम्ही आलात. प्रत्येक वेळी तिला नाव, तारीख आणि आपण कुठे आहोत हे विचारलंत, शेवटच्या वेळी ती वैतागून "ताई, तेच आहे सगळं" म्हणाली आणि तुम्ही हसलात.

सकाळी डोकं तसंच होतं आणि एकदा उलटी झाली. तुम्ही परत कारण सांगितलंत, लक्षणं असताना वर जायचं नाहीच, आणि विश्रांतीने कमी होत नसलं तर उतरायचं, पाचशे ते हजार मीटर उतरलं की बहुतेकांना फरक पडतो. आम्ही आवरायला लागलो. बघते तर तुम्हीही टेंट आवरत होतात. तुम्हाला खिंडीत जायचं होतं, आकाश स्वच्छ होतं, तुम्ही त्यासाठीच आला होतात हे आदल्या संध्याकाळी किती उत्साहाने सांगत होतात! आणि तुम्ही तिची बॅग पुढे लावून आमच्याबरोबर खाली उतरलात, जंगल दाट होतं तिथपर्यंत, ओढ्याच्या पुलापर्यंत. तिथे तिला पाणी पाजलंत, परत आकडे विचारलेत, दोन आले. मग कुठे तुमच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मी काहीतरी बोलायला लागले तर तुम्ही घड्याळ बघत म्हणालात, "दुपारनंतर ढग येतील, मी निघते," आणि मॅट परत द्यायला गेले तर ती आजच्या रात्री खाली लागेल म्हणून आमच्याकडेच ठेवलीत.

मला नक्की कशाबद्दल थँक्यू म्हणायचंय ते सांगते. मदत करणारी माणसं डोंगरात भेटतात, आम्हाला आधीही भेटलीत, चांगली भेटलीत. पण बरेचदा ती काम करून टाकतात आणि निघून जातात, आपण होतो तिथेच राहतो. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं का ते सांगितलंत, रात्री बारा वाजता, थंडीत, झोप मोडलेली असताना सुद्धा. त्यामुळे ते आमचं झालं. त्यानंतर आम्ही परत एका तळ्यावर गेलो, तुमच्याशिवाय, आणि जागा बहिणीने निवडली, आधी मान वर करून झाडं बघितली, मग वाऱ्याची दिशा, मग उंचवटा. या वेळी एक मुक्काम मधे जास्त केला, ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवली नाही, आणि ती वर मस्त होती, सगळ्यांच्या आधी उठून तळ्यावर गेली. शेजारी दोन मुलं आली होती, अगदी काठावर टेंट पसरत होती. ती उठून त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "जरा वर येऊन बघता का?" मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. तिच्या लक्षातही आलं नाही की हे वाक्य तिने कुणाकडून उचललंय.

मॅट आमच्याकडे आहे, धुऊन सुकवून ठेवलीय. हे वाचलंत तर कुठे पाठवायची ते कळवा, किंवा पुढच्या मोसमात तुम्ही कुठल्या तळ्यावर असणार तेवढं सांगा, आम्हीच घेऊन येतो. आणि त्या दिवशी परत वर चढून गेलात का, खिंड झाली का तुमची, हे बहीण सारखं विचारते, तेही कळवा.

तुमचीच,
त्या रात्री हाक मारणारी