दोष फक्त कराचा नाही

मनोरंजन उद्यानांच्या दुरवस्थेवरील आपल्या रविवारच्या लेखात सारा दोष करावर ढकलला आहे. तो पटत नाही. २०१७ मध्ये उद्यानांच्या तिकिटांवरचा जीएसटी २८ टक्के होता हे खरे, पण जानेवारी २०१८ मध्येच तो १८ टक्क्यांवर आला. तरीही खोपोलीच्या इमॅजिका उद्यानाचे कर्ज काही आटोक्यात आले नाही आणि २०२२ मध्ये ते उद्यानच मालपाणी उद्योगसमूहाकडे गेले. शाळेच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार सोडले, तर अशा उद्यानांत चार माणसांसाठी अख्खा रोलरकोस्टर पळवावा लागतो. वीज, देखभाल, पगार तेवढेच. व्याजाला तर सुट्टीच नाही! कर्ज देताना बँकांनी गर्दीचे कोणते अंदाज ग्राह्य धरले, हे लेखकाने तपासायला हवे होते.

– एक वाचक, पनवेल