ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाचे काय करायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी 22 वर्षे नाशिकमध्ये बिनगिअरची स्कूटर चालवली आणि पन्नाशीत गाडी शिकले. क्लास गिअरच्या गाडीवर झाला, परीक्षाही तिच्यावरच दिली आणि घरी आली ती ऑटोमॅटिक. गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मुलाने स्क्रीन, कॅमेरा, फोन कसा जोडायचा हे सगळे हौसेने दाखवले. पायांबद्दल एक शब्दही नाही.

पेडल दोन, पाय दोन. मी एकेका पायाला एकेक पेडल देऊन टाकले. स्कूटरवर उजव्या मुठीत वेग आणि डाव्या हातात मागचा ब्रेक, त्यामुळे डावीकडे ब्रेक ही सवय अंगात मुरलेली. मोटारसायकलवाल्यांचा ब्रेक निदान उजव्या पायाशी असतो. आम्हा स्कूटरवाल्या बायकांना तेवढीही ओळख नसते, आणि नाशिकमध्ये स्कूटरवरून थेट ऑटोमॅटिकवर जाणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत.

तिसऱ्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेत होते. मागून एक मूल सायकलवर आडवे गेले. दचकून डाव्या पायाने ब्रेक दाबला, पण उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघालाच नाही, उलट तोही ताठ झाला. इंजिन ओरडले, गाडी ब्रेकशी झगडत हातभर मागे सरकली आणि मग थांबली. मूल तोवर पुढे निघून गेले होते. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

माझ्या यजमानांची गोष्ट उलटी. 30 वर्षे गिअरची गाडी चालवलेली. द्वारका चौकात वेग कमी करताना त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ऑटोमॅटिकच्या रुंद ब्रेकवर पडला. क्लच आपण तळापर्यंत दाबतो, तसाच तो दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली, मागची रिक्षा येऊन आदळली. त्या रिक्षावाल्याची काहीच चूक नव्हती.

एसटीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी मग आम्हा दोघांना रविवारी पहाटे मखमलाबादच्या रिकाम्या रस्त्यावर नेले. “ताई, डावा पाय त्या कोपऱ्यातल्या टेकूवर ठेवा आणि त्याला विसरून जा. उजवी टाच ब्रेकसमोर टेकवा. अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पंजा वळवायचा.” एवढेच. ब्रेकचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पाहुणा म्हणून जातो आणि घरी परततो, हे अंगवळणी पडायला मला तीन रविवार लागले.

डाव्या पायाने ब्रेक मारण्याची बाजू घेणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यायचा वेळ वाचतो, असे ते म्हणतात. पाव सेकंद वाचला असे धरले, तर ताशी 40 किलोमीटरला जेमतेम तीन मीटर होतात. गर्दीत तीन मीटर थोडे नाहीत. पण मुंबई नाक्यावर ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, गाडी आपोआप रांगत असते, तेव्हा उजवा पाय ब्रेकवरच असतो, मग वाचायचे काय? गो-कार्ट आणि रॅलीचे चालक डावा पाय वापरतात, पण ते सीटमध्ये घट्ट जखडलेले असतात. आपण जोराने थांबलो की अंग पुढे जाते, आणि टेकूवर रोवलेला डावा पायच आपल्याला धरून ठेवतो.

प्रत्येक पायाचे पेडल ठरलेले असले की चूक होणार नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. पेडलची गफलत उजव्या पायाच्याही हातून होते. अमेरिकेत 1980च्या दशकात ऑडी गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून मोठा गदारोळ झाला होता. 1989 मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून (पार्किंगमधून) हलत नाही, ती सोय त्याच प्रकरणानंतर सर्वत्र रुळली. तेव्हा ज्याने पहिल्या दिवसापासून डाव्या पायानेच ब्रेक घोटवला आहे आणि जो गिअरच्या गाडीला हातही लावत नाही, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण आमच्यासारख्या घरात जुनी गिअरची आणि नवी ऑटोमॅटिक अशा दोन्ही गाड्या असतात. आज क्लच दाबणारा पाय उद्या हलका ब्रेक कसा मारणार?

शिवाय डावा पाय ब्रेकवर नुसता ठेवला तरी मागचे लाल दिवे पेटलेले राहतात. आपण खरेच कधी थांबतो आहोत ते मागच्याला कळत नाही. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना असा सतत टेकलेला पाय तर फारच वाईट. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही पकड कमी होत जाते. तिथे ‘एल’ (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड टाकून इंजिनलाच गाडी आवरू द्यावी. हेही आम्हाला काकांनीच सांगितले.

कायद्यात बिनगिअरच्या आणि गिअरच्या दुचाकीचा परवाना वेगळा आहे, हलक्या चारचाकीला मात्र एकच. तो बदला असे मी म्हणत नाही. ड्रायव्हिंग स्कूलने शेवटचा एक दिवस ऑटोमॅटिकवर शिकवावे, शोरूमने गाडी देताना दहा मिनिटे पायांसाठी द्यावीत, आणि पेठ रोडच्या आरटीओने दोघांनाही तशी सूचना करावी. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जागोजागी थांबत-सरकत जावे लागते, त्यामुळे हे आत्ताच व्हावे.

माझ्या भिशीतल्या दोघींनी दसऱ्यासाठी ऑटोमॅटिक बुक केली आहे. दोघीही स्कूटरवाल्या. गाडी आली की पहिल्या रविवारी त्यांना मी मखमलाबादला नेणार आहे.

आपली नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक