सुलू, तुला मनोरमा सांगते

चेन्नई, रविवार दुपार

प्रिय सुलू,

फोनवर तू इतकी तावातावाने बोलत होतीस की मला मधे तोंड घालायला फट मिळाली नाही. म्हणून आता लिहायलाच बसले. नव्या मालिकेतही तुला कामवाली मावशीच दिली, आता जन्मभर पदर खोचून 'वहिनी, भाजी कुठली चिरू?' एवढंच विचारायचं, एकदा शिक्का बसला की संपलं, असं तुझं म्हणणं. मला त्यातलं अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी तुला मनोरमाची गोष्ट सांगायची आहे.

नाव वाचताच तुझ्या डोळ्यांसमोर 'सीता और गीता'मधली खाष्ट चाची आली असणार. ती नव्हे. ती हिंदीतली. मी म्हणतेय ती तमिळ मनोरमा, जिला इथे सगळे 'आच्ची' म्हणतात. तिचं खरं नाव गोपीशांता. जन्म २६ मे १९३७, मन्नारगुडीचा, म्हणजे तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातला. (तंजावूर म्हटल्यावर तुला आपले भोसले आणि सरस्वती महाल आठवणार, पण या गोष्टीत राजवाडा कुठेच येत नाही.) बापाने दुसरं लग्न केलं तेव्हा आई लेकीला घेऊन घराबाहेर पडली आणि कारैक्कुडीजवळच्या पळ्ळत्तूरला आली. हा चेट्टिनाडचा भाग, सावकार चेट्टियारांच्या प्रचंड वाड्यांचा. त्या वाड्यांच्या मुलखात आईने लोकांकडे घरकाम करून मुलीला वाढवलं. तिथल्या चेट्टियार बायकांना मानाने आच्ची म्हणतात. घरकाम करणाऱ्या बाईच्या पोरीला पुढे अख्खा तमिळ मुलूख त्याच नावाने हाक मारू लागला.

बाराव्या वर्षी पोर नाटकात शिरली. मनोरमा हे नाव नाटकवाल्यांनीच दिलं. गाणं गळ्यात होतं, पाठांतर चोख होतं, आणि त्या काळातल्या तमिळ नाटकाला या दोन गोष्टी पुरत. पुढे एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटक कंपनीत ती रुळली. तेव्हाचं तमिळ नाटक म्हणजे निम्मं राजकारण होतं. अण्णादुराई आणि करुणानिधी स्वतः नाटकं लिहीत आणि त्यांत कामंही करत. मनोरमा त्या दोघांबरोबर रंगमंचावर होती. एमजीआर, जयललिता आणि आंध्रचे एन. टी. रामाराव यांच्याबरोबर सिनेमात होती. पाच मुख्यमंत्र्यांबरोबर काम केलेली नटी, असं इथे तिच्याबद्दल कौतुकाने सांगतात. मला त्यात एक खोच दिसते. ते पाचही जण खुर्चीवर जाऊन बसले, आणि ही त्यांच्या गोष्टींत मोलकरीण, गवळण, खेडवळ बायको होत राहिली.

आता शिक्क्याकडे येते. १९५८ साली कवी कण्णदासन यांनी 'मालैयिट्ट मंगै' हा सिनेमा काढला आणि तिला त्यात विनोदी भूमिका दिली. ती खट्टू झाली, कारण नाटकात ती नायिका करत होती. हा किस्सा ती पुढे मुलाखतींत सांगायची: कण्णदासन म्हणाले, नायिका झालीस तर चार-पाच वर्षं टिकशील, मग लोक बाजूला काढतील, विनोद धरलास तर पुष्कळ वर्षं राहशील. तिने ऐकलं. १९६३च्या 'कोंजुम कुमारी'त ती नायिका झाली खरी, पण तेवढ्यावर तो रस्ता संपला.

हा सल्ला मला कधी शहाणपणाचा वाटतो, तर कधी त्याचा राग येतो. शहाणपणाचा, कारण तो शब्दशः खरा ठरला. तिच्या बरोबरीच्या नायिका लग्न करून घरी बसल्या, वय वाढल्यावर दिसेनाशा झाल्या, आणि ही पन्नासहून अधिक वर्षं काम करत होती. राग यासाठी की बाईला एकतर सुंदर राहून लवकर संपायचं किंवा हास्यास्पद होऊन टिकायचं, असे दोनच दरवाजे कोणी ठेवले? कण्णदासननी नव्हेत. त्यांनी फक्त दरवाजे दाखवले.

दुसरं असं की विनोदी नटीचं काम इथे चालायचं कसं, ते तुला ठाऊक असायला हवं. तमिळ सिनेमात विनोदाची पट्टी बऱ्याचदा वेगळी असायची. तिचा लेखक वेगळा, चित्रीकरण वेगळं, मूळ कथेशी संबंध ओढूनताणून. नायकाच्या मित्राला जोडीला एक बाई लागायची, ती मनोरमा. नागेशबरोबर ती, चो रामस्वामींबरोबर ती, पुढे तेंगै श्रीनिवासनबरोबरही तीच. एका सिनेमासाठी थोड्या दिवसांची 'कॉल शीट', म्हणजे चित्रीकरणाच्या तारखा, द्यायची, की लगेच दुसऱ्या स्टुडिओत. म्हणून तर आकडा एवढा फुगला. १९८५मध्ये हजाराच्या वर सिनेमे केल्याबद्दल तिचं नाव गिनेस बुकात गेलं. नायिकेला हजार सिनेमे जमले नसते. अर्थात त्या हजारांतले बहुतेक आज कुणाला आठवत नाहीत, तेही याच कारणाने.

पण मिळालेल्या तुकड्यात ही बाई काय करायची ते बघ. 'बोम्मलाट्टम' (१९६८) मध्ये तिचं एक गाणं आहे, चो समोर आणि चाल व्ही. कुमार यांची. मद्रासच्या झोपडपट्टीतली बोली, तीच उडती, खडबडीत बोली, आणि गाणारी स्वतः मनोरमा. चेट्टिनाडात वाढलेल्या मुलीने मद्रासच्या रस्त्यावरचे शब्द इतके नेमके उचलले की ती तिथलीच वाटावी. ती प्रत्येक बाईसाठी वेगळं बोलणं आणायची. पश्चिमेकडच्या कोंगू भागातली शेतकरीण वेगळी, ब्राह्मण मामी वेगळी, मदुराईची भाजीवाली वेगळी. भूमिका एकाच साच्यातल्या, पण प्रत्येकीचं गाव निराळं.

त्याच वर्षीचा 'तिल्लाना मोहनाम्बाळ'. शिवाजी गणेशन नादस्वरवादक, पद्मिनी नर्तकी, दोघेही ऐन बहरात. (शिवाजी हे नावसुद्धा आपल्याकडचंच. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी छत्रपती केले, ते पाहून पेरियारांनी त्यांना ते नाव दिलं.) एवढ्या मोठ्या दोघांच्या गोष्टीत मनोरमा 'जिल् जिल् रमामणी' होऊन येते, गावोगाव फिरणाऱ्या नाटकातली नटी, थोडी भडक, थोडी भोळी. भूमिका लहान आहे, पण सिनेमा संपल्यावर मला आठवत राहिली ती तीच. रंगवलेल्या तोंडामागे दमलेली बाई असते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नसणार. ती स्वतः त्याच वाटेने आली होती.

तिच्या खाजगी आयुष्याबद्दल फार लिहीत नाही. नाटकातल्याच सहकाऱ्याशी १९६४मध्ये लग्न, मग मुलगा, आणि मूल तान्हं असतानाच नवरा सोडून गेला. आईच्या वाट्याला जे आलं त्याचाच दुसरा प्रयोग. तिने पुन्हा लग्न केलं नाही. तिच्या मदतीला आईच होती, आणि घर टी. नगरमध्ये, स्टुडिओंच्या जवळ.

पुढे वय वाढलं आणि मोलकरणीच्या जागी आईच्या भूमिका आल्या, म्हणजे दुसरा साचा. 'अपूर्व सगोदरर्गळ' (१९८९) मध्ये कमल हासनला वाढवणारी, 'चिन्न तंबी'त (१९९१) प्रभूची भोळी विधवा आई, 'चिन्न गौंडर'मध्ये (१९९२) विजयकांतची दात पुढे आलेली आई. 'चिन्न तंबी' तुला कळेल, कारण आपल्याकडे तो करिष्मा कपूरचा 'अनाडी' म्हणून आला. या आयांतही थट्टा ठरलेली होती, पण आता थट्टेच्या पुढे रडणंही लागायचं, आणि ती दोन्ही एका श्वासात करायची. १९८९च्याच 'पुदिय पादै'त शिवराळ, झोपडपट्टीतली म्हातारी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सहायक अभिनेत्रीचा. तीस वर्षं झाली होती तिला सिनेमात तोवर. २००२मध्ये पद्मश्री आली.

तुझ्यासाठी खरा सिनेमा मात्र वेगळा आहे. 'संसारम अदु मिन्सारम', १९८६, दिग्दर्शक विसूचा. मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब, पैशांवरून भांडणं, घरात मधोमध ओढलेली रेघ. आणि या घरातली कामवाली, कन्नम्मा. हीच मनोरमा. घरातली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात तेव्हा ही मधे पडते. हट्टी व्याह्यासमोर ती जो तमाशा उभा करते, तो प्रसंग इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. हातवारे, किंचाळणं, खोटा कांगावा, मधेच थांबून घेतलेला एक श्वास. आईचं आयुष्य लोकांच्या घरी भांडी घासण्यात गेलं, आणि लेक पन्नाशीला टेकली असताना तीच भूमिका करतेय. यात मला ना योगायोगाची गंमत वाटत, ना न्याय झाल्यासारखं. पण मालकाच्या घरात किती बोलायचं आणि कुठे जीभ चावायची, हे तिच्या अंगात होतं. सुलू, तू शहरात, शिक्षकांच्या घरात वाढलीस. तुझी मावशी दर वेळी एकाच आवाजात का बोलते, हे एकदा स्वतःला विचार. रागावू नकोस, पण तुझ्या मावशीचं गाव मला अजून ऐकू आलेलं नाही.

आपल्या ललिताबाई आठवतात? १९४२मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डावा डोळा अधू झाला, आणि नायिका होणाऱ्या येवल्याच्या ललिता पवार जन्मभर सासू झाल्या. पण 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरवर भाळणारी करारी आत्या त्यांनी कशी केली होती, ते तुला माझ्याइतकंच पाठ आहे. त्याच कथेवरून तमिळमध्ये १९९०ला 'नडिगन' निघाला, नायक सत्यराज. आणि ती भाळणारी बाई कुणी केली असेल? मनोरमानेच. ललिताबाईंची आत्या ताठ आहे आणि हळूहळू वितळते. मनोरमाची बाई पहिल्या नजरेतच पाघळते आणि मग ते लपवू पाहते. दोन्ही पाठोपाठ बघ. एकाच ठोकळेबाज भूमिकेत दोन नट्या किती लांब जाऊ शकतात ते कळेल.

ती फार सोशिक आणि गोड बाई होती असं मात्र समजू नकोस. १९९६च्या निवडणुकीत ती जयललितांच्या बाजूने प्रचाराला उतरली. रजनीकांत दुसऱ्या बाजूला होता, म्हणून भर सभांमधून त्याच्यावर तोंडसुख घेतलं. जयललिता हरल्या आणि मनोरमाची कामं थांबली. रजनीच्या शत्रूला कोण बोलावणार? शेवटी रजनीनेच तिला 'अरुणाचलम'मध्ये (१९९७) भूमिका दिली. शिवाजीराव गायकवाडांचं (म्हणजे रजनीचंच, हे त्याचं खरं नाव) मन मोठं, असं इथे यावर कौतुकाने म्हणतात. असेल मोठं. पण एवढ्या सिनेमांनंतरही एका नायकाच्या मर्जीवर बाईचं पोट अवलंबून असावं, हे मला त्या मोठेपणापेक्षा जास्त टोचतं. शिक्क्याची खरी किंमत मला इथे दिसते. एकसारख्या भूमिकांचं एक वेळ काही नाही. पण तुमच्या नावावर सिनेमा उभा राहत नाही, आणि तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही.

१० ऑक्टोबर २०१५ला ती गेली. जयललिता तेव्हा मुख्यमंत्री होत्या, त्या अंत्यदर्शनाला आल्या. करुणानिधीही आले, रजनी आला.

म्हणून मावशी सोड असंही मी म्हणणार नाही आणि गुपचूप करत राहा असंही नाही. पैशांचं मात्र नीट बोल. दिवसावर ठरव, भागावर नको, आणि महिन्याला किमान किती दिवस ते लिहून घे. संवाद लिहिणाऱ्या मुलाला एकदा चहाला घरी बोलाव आणि मावशीला एक गाव मागून घे. लेखकाला सुचलं नाही तर तूच दे. तुझ्या आजोळची बोली तुला येते, मी ऐकलीये. दिवाळीनंतर इकडे येणार असशील तर 'संसारम'ची सबटायटल असलेली प्रत मिळवून ठेवते. नसतील तर मी शेजारी बसून सांगत जाईन, माझं तमिळ आता तेवढं झालंय. येताना भाजणी आण, इथली गिरणीवाली ती जाडच दळते.

तुझी,
वसू