पुन्हा विचारायला लाजू नकोस

सोलापूर

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईला फोनवर सांगत होतीस, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या ट्रेनिंगमध्ये सिम्युलेटरवर पायलटचा रीडबॅक, म्हणजे तुझी सूचना त्याने परत म्हणून दाखवणं, अर्धवट ऐकू आला आणि सरांसमोर 'से अगेन', पुन्हा सांगा, म्हणायला जीभ रेटेना. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

मोहोळला स्टेशन मास्तर होतो तेव्हा फाटक लावलं की गेटमन फोनवरून प्रायव्हेट नंबर द्यायचा, म्हणजे फाटक लागल्याची खूण म्हणून एक गुप्त आकडा. तो आकडा मी त्याला म्हणून दाखवायचो, रजिस्टरात लिहायचो, मगच सिग्नल. ऐन मध्यरात्री स्टेशनबाहेरच्या होम सिग्नलला गाडी शिट्ट्या मारत उभी असली तरी यात फरक नाही. आकडा नीट कळला नाही तर परत मागायचा. गेटमन वैतागला तर वैतागू दे. आणि माझी गाडी निदान सिग्नलला उभी राहायची. तुझं विमान हवेत थांबणार नाही, म्हणून तुला तर शंका आली त्याच क्षणी विचारायला हवं.

चरखी दादरीचा अपघात तुम्हाला शिकवलाच असेल. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो 14,000 फुटांपर्यंत चढणार होतं, समोरून उतरणाऱ्या कझाक इल्युशिन विमानाला 15,000 वर राहायला सांगितलं होतं. कंट्रोलरने सूचना बरोबर दिली, समोरून विमान येतंय हेही सांगितलं. तरी इल्युशिन खाली आलं, दोन्ही विमानं आदळली आणि 349 माणसं गेली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते कळायचं, किती उंचीवर आहे ते कळत नव्हतं. पुढे टीकॅस, म्हणजे दुसरं विमान फार जवळ आलं की पायलटला सावध करणारं यंत्र, सक्तीचं झालं, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. हे वाचलं की मला सारखं वाटतं, आपण बरोबर बोललो एवढ्यावर काम संपत नाही. समोरच्याला काय कळलं, तो आता काय करणार आहे, हे त्याच्या तोंडून ऐकलं की मग संपतं.

दुसरी गोष्ट. लहान ठिकाणी नेमणूक झाली, नुसती माहिती आणि सल्ला द्यायचं काम मिळालं तर काय, असं तू म्हणालीस. ते मला पटलं नाही. तिथे तुझा हुकूम चालणार नाही, निर्णय पायलटचा असेल, हे खरं. पण तो निर्णय कशाच्या जोरावर घेणार? वारा कुठून, हवेचा दाब किती, धावपट्टीवर कुत्रं आहे का, आसपास आणखी कोण उडतंय, हे तू सांगशील तेवढंच त्याच्यापाशी. मे महिन्यात वळवाच्या आधी आपल्याकडे वारा कसा गर्रकन फिरतो, धुळीने होटगी रोड कसा दिसेनासा होतो, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. तेव्हा पाच मिनिटांपूर्वीचा वारा सांगून कसं चालेल? आणि एखाद्या विमानाने ठरल्या वेळेनंतर 30 मिनिटांत संपर्कच केला नाही, तर त्याची काळजी करणारं पहिलं माणूस तूच. त्याला मी हलकं काम म्हणणार नाही.

आपल्याच गावाचं बघ. या विमानतळापायी किती वर्षं वाद झाले, 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा कुठे 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुटलं. त्या विमानात बसणाऱ्या माणसाला तुझं नाव कधी कळणार नाही. कळायची गरजही नाही. पण अशा लहान विमानतळावर तुझ्यासारखी नीट शिकलेली मुलगी असावी असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळीच्या आधी दुपारी झोप काढायची सवय आत्तापासून लाव. मी ते फार उशिरा शिकलो.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुरियरने पाठवली आहे, आठवड्याभरात प्रयागराजला पोचेल. चटणी जास्त आहे, मेसमधल्या पोरींनाही दे.

तुझे,
बाबा