सिस्टर, त्या गार फडक्यासाठी थँक्यू

प्रिय सिस्टर,

उपकेंद्रात तुमच्यापुढे इतकी गर्दी असते की नीट थँक्यू म्हणायला पण सवड मिळत नाही, म्हणून इथेच लिहितेय, वेंगुर्ल्याकडच्या बाकीच्या आयांना पण उपयोग होईल.

पोरीचे खालचे दोन दात यायला लागले आणि घरात प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार. आजेसासूबाईंनी टाकणखाराची (म्हणजे बोरॅक्सची) लाही मधात कालवून ठेवलेली, मावशींनी वेखंडाची माळ आणली, नवरा मेडिकलमधून हिरड्या बधिर करायचं जेल घेऊन आला, आणि पोरगी लाळेरं भिजवत रात्रभर रडतेय. तुम्ही लसीच्या यादीसाठी आलात, हे सगळं बघितलंत आणि कोणावर आवाज चढवला नाहीत. आजी म्हणाल्या पण, "आमची पोरां ह्याच्यारच वाढली मगे!" तर तुम्ही खाली बसून त्यांनाच सगळं समजावलंत, की टाकणखार बाळाच्या पोटात गेला की विषारी ठरू शकतो, वर्षाच्या आत मध अजिबात नाही कारण त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पडायचा आजार, होऊ शकतो, आणि गळ्यात काहीही बांधलं तर फास बसायची भीती, मणी घशात अडकायची वेगळी. जेलवरचं नाव वाचून बेंझोकेन आहे म्हणालात, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना हे वापरू नका असं सांगितलंय. नवऱ्याने जेल गपचूप खिशात घातलं.

पण नुसतं हे नको ते नको करून तुम्ही गेला नाहीत ना, ते मला सगळ्यात आवडलं. आजींच्याच जुन्या सुती लुगड्याचं फडकं मागितलंत, ते उकळून, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि गार झालं की बाळाला चघळायला द्यायचं, आपण समोर बसून. वर फ्रीझरमध्ये नाही. (आमच्या फ्रीझरमध्ये तसेही बांगडे असतात, तो वास लागलेलं फडकं पोरीने बहुतेक आनंदाने चघळलं असतं म्हणा.) दगडासारखी गोठलेली वस्तू हिरडीला उलट इजा करते, बर्फाचा खडा तर घशात अडकू शकतो, म्हणून गार चालेल, गोठलेलं नाही. टीदर (चघळायचं खेळणं) घ्यायचा तर एकसंध रबराचा नाहीतर सिलिकॉनचा, आत पाणी भरलेला नको, फुटला की ते तोंडात जातं.

आणि लाईट गेली तर? हा प्रश्न आजींचा, कारण इथे पावसाळ्यात लाईट जाते हे वेगळं सांगायला नको. तुम्ही म्हणालात डबा माठातल्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. आपल्या दमट हवेत माठ घाटावरच्यासारखा गार पडत नाही कारण पाणी लवकर उडतच नाही, पण तेवढा गारवा पण पुरला. नाहीच तर हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरड्या हलक्या चोळायच्या, हे तर काय, कुठेही जमतं.

तवशाचं (मोठ्या काकडीचं) पण विचारलं होतं मी. गार तवशाचा तुकडा हातात द्यायचा नाही, दात फुटला की कुरतडून तुकडा सुटतो आणि अडकतो, जाळीच्या फीडरमध्ये घालून चालेल, कारण ती सहा महिन्यांच्या वर आहे आणि वरचं खाते. कच्चं गाजर नकोच.

ते फडक्याचं खातं आता पूर्ण आजींकडे आहे बरं का. दोन फडकी आलटून पालटून, एक फ्रीजमध्ये एक उकळायला, आम्हाला हात लावू देत नाहीत, शेजारच्या सुनेला पण शिकवून झालं.

आणि तापाचं. मागे अंग तापलं तेव्हा सगळे म्हणाले, "दात येतत, ताप येतलोच." मला तुमचं वाक्य आठवलं की दातांनी अंग जरासं कोमट लागेल, पण १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, नाहीतर जुलाब लागले, तर दातांच्या नावावर सोडायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. थर्मामीटर लावला, १०२, तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि कान पिकायला लागलेला निघाला. औषधाने आता बरी आहे.

नऊ महिन्यांच्या एमआर (गोवर-रुबेला) लसीला येऊच. आजी पण येणारेत, त्यांना ब्रश कधीपासून ते विचारायचंय. मी सांगितलं पहिल्या दातापासून, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पण माझं ऐकतायत कुठे, त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

तुमची,
पोरीची आई